न्यायाधिकरणानेही नाकारले, आता न्यायालयात: ऑस्ट्रेलियातील संरक्षण व्हिसाचे अर्जदार आणि त्यांचे मुंबईतील घरचे यांच्यासाठी

मी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतो. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा मला अधिकार नाही, त्यामुळे हा लेख तिथल्या वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही फोर्टमधील माझ्या कचेरीत अधूनमधून कोणाचे आईवडील, कोणाची बहीण, मोबाइलवर आलेला लांबलचक इंग्रजी आदेश घेऊन येतात. मुलाने किंवा भावाने तिकडे आश्रय मागितलेला असतो, तो नाकारला गेलेला असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, इथे हायकोर्टात रिट टाकता येईल का?’ इथे टाकता येत नाही, कारण ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्याचा निर्णय आपल्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. मुंबईतला ऑस्ट्रेलियन वाणिज्य दूतावासही त्यात काही करू शकत नाही. पण प्रश्न अगदीच चुकीचा नसतो. तिकडे जो मार्ग उरलेला असतो तो आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिटचा, म्हणजे सरकारी निर्णय कायद्यात बसतो का हे उच्च न्यायालयाकडून तपासून घेण्याच्या अर्जाचा, सख्खा चुलतभाऊच आहे, आणि ज्याला रिट म्हणजे काय हे नीट कळले आहे त्याला तो मार्ग समजायला वेळ लागत नाही.

आधी आदेश कोणाचा आहे ते पाहावे

संरक्षण व्हिसा, म्हणजे बहुतेक प्रकरणांत उपवर्ग ८६६, हा ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या माणसालाच तिथे राहून मागता येतो. १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टनुसार पहिला निर्णय मंत्र्यांच्या वतीने गृह व्यवहार खात्याचा अधिकारी देतो. त्याने नकार दिला तर प्रकरण न्यायाधिकरणाकडे नेता येते. तिथे सगळी हकिगत नव्याने ऐकली जाते, नवा पुरावा घेतला जातो आणि निर्णय गुणदोषांवर होतो. पूर्वी हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल करीत असे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आले आहे. जुन्या प्रकरणांच्या कागदांवर जुने नाव आणि नव्या कागदांवर नवे नाव दिसले म्हणून गोंधळून जाऊ नये.

हातातला आदेश खात्याच्या अधिकाऱ्याचा असेल, तर न्यायालयात धाव घेऊ नये. न्यायाधिकरणाकडे नेता येण्याजोगा निर्णय त्या न्यायालयाला ऐकताच येत नाही, असे कायदाच सांगतो. अशा वेळी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे नकार कळवल्यापासून २८ दिवस मिळतात. ही मुदत पोलादी आहे. ती वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाच नाही. नकार ईमेलने आला असेल तर तो पाठवला त्याच दिवसाच्या अखेरीस मिळाला, असे कायदा मानून चालतो. तो स्पॅममध्ये गेला की अर्जदाराने आठवडाभर मेल उघडला नाही, याला तिथे काडीची किंमत नाही. न्यायाधिकरणात आगाऊ फी भरावी लागत नाही, अर्ज फेटाळला गेला तर मात्र ती द्यावी लागते.

न्यायाधिकरणानेही नाकारले, की मग न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे तो निर्णय कायद्याला धरून झाला का हे न्यायालयाने तपासण्याचा, प्रश्न येतो. यापुढचे सगळे त्याबद्दल आहे.

न्यायालय काय पाहते आणि काय पाहत नाही

अर्ज जातो फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाच्या विभाग दोनकडे. नावातल्या ‘फॅमिली’ शब्दामुळे मुंबईतले पालक हमखास दचकतात. त्यांच्या डोळ्यांसमोर वांद्र्याचे कौटुंबिक न्यायालय येते आणि घटस्फोटाच्या कोर्टात आपल्या मुलाचे काय काम, असे त्यांना वाटते. १ सप्टेंबर २०२१ रोजी दोन न्यायालये एका नावाखाली आणली गेली म्हणून ते नाव तसे झाले, एवढेच. स्थलांतराच्या निर्णयांविरुद्धची प्रकरणे त्याच न्यायालयाच्या या विभागात चालतात.

या न्यायालयाला तुमच्या मुलाच्या जिवाला भारतात धोका आहे की नाही हे ठरवायचे नसते. न्यायाधिकरणाने निर्णय देताना कायद्याने घालून दिलेली चौकट ओलांडली का, एवढेच त्याला पाहायचे असते. तिथल्या भाषेत याला अधिकारक्षेत्राची चूक म्हणतात. २००१ मध्ये तिथल्या संसदेने मायग्रेशन ॲक्टमध्ये कलम ४७४ घालून असे निर्णय न्यायालयांच्या आवाक्याबाहेर नेण्याचा प्रयत्न केला होता. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ‘प्लेंटिफ एस१५७’ या प्रकरणात सांगितले की ज्या निर्णयात अधिकारक्षेत्राची चूक आहे तो मुळात कायद्याखालचा निर्णयच नव्हे, म्हणून हे कलम त्याला वाचवू शकत नाही. याचे मूळ तिथल्या राज्यघटनेच्या कलम ७५ च्या पाचव्या खंडात आहे. त्या खंडाने सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध परमादेश (कर्तव्य करायला लावणारा हुकूम) आणि प्रतिषेध (अधिकाराबाहेर जाण्यापासून रोखणारा हुकूम) मागण्याचा हक्क दिला आहे आणि संसदेला तो काढून घेता येत नाही. आपल्याकडे अनुच्छेद ३२ आणि २२६ शिकवताना जे सांगितले जाते, त्याच्या फार जवळचे हे आहे.

पालकांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते. ‘पण साहेब, त्याला खरेच मारतील ना!’ असे आई म्हणते, आणि मला तिला सांगावे लागते की तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे असले तरी हे न्यायालय त्यावर मत देणार नाही. न्यायाधिकरणाने खरे बोलणाऱ्याला खोटे ठरवले, पण ते रीतसर, कारणे देऊन, त्याचे म्हणणे ऐकून ठरवले असेल, तर तो निर्णय चुकीचा असूनही टिकतो. उलट गोष्ट दुबळी असली तरी न्यायाधिकरणाने ती ऐकण्यात कायदा मोडला असेल तर निर्णय रद्द होऊ शकतो. म्हणून आदेश हाती आला की आपली हकिगत क्षणभर बाजूला ठेवावी आणि न्यायाधिकरणाने ती कशी हाताळली याची हकिगत आदेशातून काढावी.

आदेश कसा वाचावा

हे एका कल्पित उदाहरणावरून सांगतो. नाशिक जिल्ह्यातील एका जोडप्याने आंतरजातीय लग्न केले. मुलीकडच्या जातपंचायतीने दोन्ही घरांना वाळीत टाकले, दंड मागितला, मुलीच्या चुलत्याने जिवे मारण्याची धमकी दिली. चुलत्याचा मेव्हणा पोलिसांत आहे. दोघे शिक्षणाच्या व्हिसावर मेलबर्नला गेले, तिथे संरक्षण मागितले, खात्याने आणि न्यायाधिकरणाने नाकारले. मुलाची बहीण घाटकोपरला राहते आणि आदेश घेऊन माझ्यासमोर बसली आहे.

पहिल्या वाचनात फक्त एक गोष्ट करावी. जोडप्याने कोणकोणते दावे मांडले होते ते कागदावर एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकासमोर आदेशातल्या परिच्छेदाचा क्रमांक टाकावा. चुलत्याची धमकी: परिच्छेद ३१ ते ३८. जातपंचायतीचा बहिष्कार: परिच्छेद ४०. पोलिसांतला मेव्हणा आणि त्यामुळे तक्रार नोंदवून घेतली जात नाही, हे म्हणणे: काहीच नाही. ही रिकामी जागा सोन्याची ठरू शकते. स्पष्टपणे मांडलेला आणि महत्त्वाचा मुद्दा न्यायाधिकरणाने विचारातच घेतला नाही, तर ती अधिकारक्षेत्राची चूक ठरू शकते, हे ‘ड्रानिचनिकोव्ह’ प्रकरणापासून, म्हणजे २००३ पासून, मान्य झालेले आहे. मात्र तो मुद्दा खरोखर मांडला होता का हे तपासावे. खात्याच्या मुलाखतीत, लेखी निवेदनात, न्यायाधिकरणाच्या सुनावणीत किंवा वकिलाच्या टिपणात तो कुठे तरी असला पाहिजे. मनात होता पण सांगितला नाही, असा मुद्दा न्यायालयात चालत नाही. आणि न्यायाधिकरणासमोर पहिल्यांदाच सांगितलेल्या नव्या दाव्याबद्दल समाधानकारक खुलासा नसेल, तर त्या दाव्याच्या विश्वासार्हतेविरुद्ध अनुमान काढावे असे कायदाच सांगतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसऱ्या वाचनात न्यायाधिकरणाने योग्य प्रश्न विचारला का ते पाहावे. आपल्या उदाहरणात आदेश म्हणतो की बहीण मुंबईत आहे, तेव्हा हे जोडपे मुंबईत राहू शकते. यात दोन वेगळ्या कसोट्या गुंतलेल्या आहेत. निर्वासित म्हणून संरक्षण हवे असेल, तर १६ डिसेंबर २०१४ पासूनच्या अर्जांना छळाची खरी शक्यता भारताच्या सर्व भागांत असल्याचे दिसावे लागते. दुसरी कसोटी पूरक संरक्षणाची, म्हणजे मनमानी हत्या, यातना, क्रूर किंवा अपमानास्पद वागणूक अशा गंभीर हानीचा खरा धोका आहे का याची. तिथे देशातच दुसरीकडे जाऊन राहणे त्या माणसाच्या दृष्टीने वाजवी आहे का, हेही पाहावे लागते. बहिणीचे घर दहा बाय पंधराचे आहे का, सून गरोदर आहे का, चुलत्याचे नातेवाईक त्याच उपनगरात राहतात का, हे ‘वाजवी’ या शब्दात येते. ‘एसझेडएटीव्ही’ या २००७ च्या निकालात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने हेच सांगितले की हा प्रश्न त्या विशिष्ट माणसाच्या प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरवायचा असतो. न्यायाधिकरणाने दोन्ही कसोट्या एका वाक्यात उरकल्या असतील तर तिथे बोट ठेवावे.

राज्याच्या संरक्षणाचेही असेच आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा २०१६ मध्ये केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१७ मध्ये अमलात आला. न्यायाधिकरण त्याचा उल्लेख करून म्हणू शकते की कायदा आहे, म्हणजे संरक्षण आहे. पण मायग्रेशन ॲक्टला नुसता कायदा पुरत नाही. संरक्षण त्या माणसाला मिळू शकते का, ते टिकाऊ आहे का, आणि सरकार ते देणार असेल तर योग्य फौजदारी कायद्यासोबत बऱ्यापैकी परिणामकारक पोलीस दल आणि निःपक्ष न्यायव्यवस्था आहे का, हेही तो कायदा विचारतो. पोलिसांतल्या मेव्हण्याचा मुद्दा इथेच येऊन बसतो, आणि तो गळल्याने निर्णयाचा सांधा कसा निखळला हे दाखवता येते.

तिसऱ्यांदा वाचताना सुनावणीच्या न्याय्यतेकडे पाहावे. ज्या माहितीच्या आधारे नकार द्यायचा, ती माहिती अर्जदाराविषयी असेल तर त्याच्यासमोर ठेवून त्याचे उत्तर घ्यावे लागते; देशाच्या सर्वसाधारण परिस्थितीच्या अहवालांना हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय जो मुद्दा खात्याच्या अधिकाऱ्याने मान्य केला होता, त्यावर न्यायाधिकरणाला शंका असेल तर तशी कल्पना अर्जदाराला द्यायला हवी. २००६ च्या ‘एसझेडबीईएल’ प्रकरणात याच कारणासाठी निर्णय टिकला नाही.

दुभाष्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाचे इथे विशेष नुकसान होते. ‘हिंदी चालेल ना?’ या प्रश्नाला आपण सभ्यपणे मान डोलावतो. मग ‘वाळीत टाकले’ हे हिंदीतून इंग्रजीत जाताना ‘आमच्याशी बोलणे बंद केले’ एवढेच उरते. पाणवठा बंद, किराणा बंद, मयताला खांदा द्यायला कोणी नाही, हा सगळा अर्थ वाटेत सांडतो. ‘मामा’, ‘चुलता’, ‘मेव्हणा’ या सगळ्यांचा इंग्रजीत एकच शब्द होतो किंवा भलताच होतो, आणि आदेशात लिहिले जाते की धमकी देणारा कोण याबद्दल अर्जदाराने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले. भाषांतर इतके सदोष होते की अर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची खरी संधीच मिळाली नाही, असे दाखवता आले तर निर्णय रद्द होऊ शकतो. त्यासाठी सुनावणीचे ध्वनिमुद्रण मागवावे. घाटकोपरच्या बहिणीला करता येण्यासारखे हे सर्वांत उपयोगी काम आहे: कानाला इअरफोन लावून, हातात वही घेऊन, कोणत्या मिनिटाला भाऊ काय म्हणाला आणि दुभाषा काय म्हणाला याची नोंद करणे. ती नोंद स्वतः पुरावा होत नाही. तिच्या आधारे तिथला वकील मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून योग्य तो उतारा करून प्रतिज्ञापत्रासोबत जोडू शकतो.

एक इशारा. आदेश फणीने विंचरून त्यातली प्रत्येक उणीव काढू नये. न्यायाधिकरणाची कारणे चुका शोधण्याच्या नजरेने बारीक चिरून वाचू नयेत, असे उच्च न्यायालयाने ‘वू शान लियांग’ प्रकरणात १९९६ मध्येच बजावले आहे. तारखेची चूक किंवा गावाचे चुकलेले नाव याने काही होत नाही. शिवाय चूक झाली एवढे पुरत नाही; ती झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, हे दाखवावे लागते. आणि ‘अर्जदार विश्वासार्ह नाही’ या निष्कर्षाला न्यायालय सहसा हात लावत नाही. तो अतार्किक असेल किंवा पुराव्याकडे डोळेझाक करून काढला असेल तरच दार किलकिले होते.

पस्तीस दिवस

न्यायालयात अर्ज करण्याची मुदत न्यायाधिकरणाच्या निर्णयाच्या तारखेपासून ३५ दिवस आहे. निर्णय हाती आल्यापासून ती मोजू नये. निर्णय तोंडी सांगितला असेल तर त्या दिवसापासून मोजावे, लेखी कारणांची वाट पाहू नये. कागद न्यायालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून दाखल होतात आणि दुपारी साडेचारनंतर आलेला कागद पुढच्या कामाच्या दिवशी आला असे धरले जाते. सिडनी-मेलबर्नमध्ये साडेचार वाजतात तेव्हा मुंबईत बारा, आणि ऑक्टोबर ते एप्रिल या त्यांच्या उन्हाळी वेळेच्या काळात अकराच, वाजलेले असतात. इथे बसून पैसे पाठवणाऱ्या किंवा कागद स्कॅन करून देणाऱ्या नातेवाइकांनी शेवटचा दिवस ‘आज संध्याकाळपर्यंत’ असा समजू नये.

ही मुदत न्यायालय वाढवू शकते, पण त्यासाठी लेखी विनंती करावी लागते आणि न्यायदानाच्या हितासाठी ती आवश्यक आहे असे न्यायालयाला पटवावे लागते. उशीर किती, का झाला, आणि मूळ मुद्द्यात दम आहे का, हे पाहिले जाते. आपल्याकडे विलंबमाफीचा अर्ज जोडून द्यायचा आणि बहुधा तो मंजूर होणार असे धरून चालायचे, ही सवय आहे. ती सवय विमानात बसवू नये. मुदतवाढ नाकारली गेली तर त्या नकाराविरुद्ध नेहमीचे अपील करता येत नाही.

अर्ज आणि प्रतिज्ञापत्र

ठरावीक नमुन्यातला अर्ज आणि त्यासोबत न्यायाधिकरणाचा निर्णय जोडलेले प्रतिज्ञापत्र, असे दोन मुख्य कागद असतात. प्रतिवादी म्हणून खात्याचा मंत्री आणि न्यायाधिकरण यांची नावे घालतात. न्यायाधिकरण सहसा लढत नाही, न्यायालय देईल तो आदेश मान्य असे कळवून बाजूला राहते. मंत्र्याच्या बाजूने वकील उभा राहतो.

अर्जातली कारणे हाच सगळा जीव आहे. स्वतः अर्ज लिहिणारे बहुतेक जण लिहितात: ‘न्यायाधिकरणाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, माझा जीव धोक्यात आहे, मला न्याय मिळावा.’ यातले एकही वाक्य न्यायालयाला काही करण्याचा अधिकार देत नाही, आणि असा अर्ज पहिल्याच टप्प्यावर फेटाळला जाण्याचा धोका असतो. आपल्या उदाहरणात कारण असे लिहिता येईल: ‘अर्जदारांनी अमुक तारखेच्या निवेदनाच्या परिच्छेद १२ मध्ये आणि सुनावणीतही सांगितले होते की धमकी देणाऱ्याचा नातेवाईक पोलीस दलात असल्याने त्यांची तक्रार नोंदवली गेली नाही. परिच्छेद ४० ते ४६ मध्ये राज्याच्या संरक्षणाविषयी निष्कर्ष काढताना न्यायाधिकरणाने हा दावा विचारात घेतला नाही. घेतला असता तर निष्कर्ष वेगळा होण्याची वास्तव शक्यता होती.’ एवढे लिहिले की न्यायाधीशांना कुठे पाहायचे ते कळते. नंतर मंत्र्याचे वकील सगळ्या संबंधित कागदांचा एकत्र संच तयार करून देतात. तो आल्यावर न्यायालयाच्या वेळापत्रकात बसेल तसा अर्ज सुधारता येतो, म्हणून पहिल्या दिवशी परिपूर्ण मसुद्याच्या नादात मुदत घालवू नये.

नाव उघड होईल ही भीती बाळगू नये. संरक्षण मागणाऱ्याचे नाव न्यायालयाने प्रसिद्ध करू नये असे कायद्याचे कलम ९१एक्स सांगते, म्हणून प्रकरणे अक्षरे आणि आकडे जोडून केलेल्या टोपणनावाने चालतात. वर आलेली विचित्र नावे त्यातलीच. घरच्यांनीच ‘आमच्या राहुलची केस’ म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर आदेश टाकला, तर मात्र त्या कलमाचा काही उपयोग नाही.

मुंबईहून नवे कागद पाठवण्याची घाई घरचे हमखास करतात. सरपंचाचा दाखला, शेजाऱ्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातले कात्रण, सगळे कुरिअरने निघते. न्यायालय मात्र न्यायाधिकरणासमोर जे होते त्यावरच सहसा निर्णय देते. निर्णयानंतर तयार केलेला पुरावा तिथे बहुतांशी निरुपयोगी असतो. ते कागद फेकू नयेत, तारखेनिशी नीट ठेवावेत, त्यांची वेळ पुढे येऊ शकते. आत्ता हवे ते वेगळेच: निर्णयाआधी न्यायाधिकरणाला काय पाठवले होते आणि कधी, याचा पुरावा. गावच्या पोलीस ठाण्यातल्या अर्जाची प्रत बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली, भावाने ती भाषांतरासह न्यायाधिकरणाला ईमेल केली, आणि आदेशात तिचा उल्लेखच नाही, अशी साखळी तारखांसह दाखवता आली तर ती दहा नव्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा जड भरते.

राहण्याची परवानगी, खर्च आणि वकील

न्यायालयात अर्ज दाखल झाला म्हणजे तिथे राहण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यासाठी ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे प्रकरण चालू असेपर्यंत राहू देणारा तात्पुरता व्हिसा, लागतो. न्यायाधिकरणाच्या नकारानंतर आधीचा ब्रिजिंग व्हिसा काही आठवड्यांत संपू शकतो, तेव्हा मुदतीत न्यायालयात जाऊन लगेच खात्याकडे पुढच्या ब्रिजिंग व्हिसाची व्यवस्था करावी. व्हिसाशिवाय सापडलेल्या परदेशी नागरिकाला स्थानबद्ध करणे आणि पुढे देशाबाहेर पाठवणे कायद्याने अधिकाऱ्यांना बंधनकारक आहे. रवानगीची तारीख लागलीच, तर न्यायालयाकडे तातडीचा मनाई हुकूम मागावा लागतो. नुसता प्रलंबित अर्ज विमान थांबवत नाही.

दाखल करण्याची फी तीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. आर्थिक अडचण दाखवली तर ती कमी होऊ शकते. हरल्यास मंत्र्याच्या वकिलांचा खर्चही अर्जदारावर पडतो आणि तोही काही हजारांत असतो. हा आकडा घरच्यांना आधीच सांगावा. गावाकडची जमीन गहाण टाकण्याचा विचार करणारे वडील माझ्यासमोर बसलेले असतात, आणि त्यांना आधी हा आकडा कळला पाहिजे.

वकील कोण करावा, हा प्रश्न मुंबईत बसूनच बिघडवला जातो. इथले काही एजंट सांगतात, ‘प्रोटेक्शन टाका, नाकारले तर कोर्टात टाका, चार-पाच वर्षे सहज निघतात, तोवर कमाई होते.’ सुनावणीची तारीख लागायला वर्षे लागू शकतात हे खरे आहे, आणि नेमक्या याच खरेपणावर हा धंदा चालतो. पण जिंकण्याची वाजवी शक्यता नसलेला दावा करायला प्रोत्साहन देणाऱ्याविरुद्ध खर्चाचा आदेश देण्याची तरतूद मायग्रेशन ॲक्टमध्ये आहे, आणि अर्ज दाखल करताना वकिलाला अशी शक्यता आहे असे प्रमाणित करावे लागते. एकदा संरक्षण व्हिसा नाकारला गेला की ऑस्ट्रेलियात राहून पुन्हा त्याच व्हिसाचा अर्ज करता येत नाही, इतर बहुतेक व्हिसांची दारेही तिथल्या तिथे बंद होतात. खोटी गोष्ट रचून वेळ काढणाऱ्याचे नुकसान असे होते, आणि खरोखर पळून गेलेल्यांच्या रांगेत तो उभा राहतो याची मला जास्त चीड आहे.

ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला सात आकडी क्रमांक असतो आणि त्याचे नाव सरकारी नोंदवहीत तपासता येते. पण तो एजंट वकील नसेल तर न्यायालयात उभा राहू शकत नाही. इथे वकीलच लागतो. पैसे नसतील तर त्या त्या राज्याची लीगल एड संस्था, सिडनीत रेफ्युजी ॲडव्हाइस अँड केसवर्क सर्व्हिस, मेलबर्नमध्ये रेफ्युजी लीगल किंवा असायलम सीकर रिसोर्स सेंटर यांच्याकडे पहिल्या आठवड्यातच जावे. सगळ्यांची प्रकरणे त्या घेऊ शकत नाहीत, पण मुद्दा आहे की नाही हे कळायला मदत होते.

सुनावणी आणि त्यानंतर

सुनावणीला दुभाषा मिळतो. तो मराठी हवा असे आधीच लेखी कळवावे. वकील नसेल तर न्यायाधीश अर्जदाराला विचारतात, ‘न्यायाधिकरणाने काय चूक केली?’ याचे उत्तर पाठ असावे आणि ते परिच्छेदांच्या क्रमांकांत असावे. भावनेच्या भरात लग्नाची हकिगत पहिल्यापासून सुरू केली तर न्यायाधीश सहानुभूतीने ऐकतील, पण अर्ज फेटाळतील.

जिंकलात तरी न्यायालय व्हिसा देत नाही. ते निर्णय रद्द करते आणि कायद्यानुसार पुन्हा निर्णय द्या असे न्यायाधिकरणाला सांगते, म्हणजे उत्प्रेषण आणि परमादेश. प्रकरण न्यायाधिकरणात परत जाते, तिथे पुन्हा सुनावणी होते आणि निकाल पुन्हा नकारात्मकही लागू शकतो. जपून ठेवलेले नवे कागद इथे उपयोगी पडतात: सरपंचाचा दाखला, शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, दरम्यान गावात घडलेल्या घटना. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे तोवर तयार असावीत.

हरलात तर फेडरल कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियात अपील करता येते, आणि त्यानंतर तिथल्या उच्च न्यायालयाची विशेष परवानगी मागता येते. ती फार थोड्यांना मिळते. मंत्र्यांकडे स्वतः हस्तक्षेप करण्याचे काही अधिकार आहेत, पण ते वापरायला त्यांना कोणी भाग पाडू शकत नाही. फेडरल कोर्टातल्या अपिलाची मुदत २८ दिवसांची आहे. अर्ज पूर्ण सुनावणीआधीच संक्षिप्तपणे फेटाळला असेल तर आधी अपिलाची परवानगी लागते आणि त्यासाठी १४ दिवसच मिळतात. न्यायाधीश पुष्कळदा निकाल त्याच दिवशी तोंडी सुनावतात आणि लेखी कारणे नंतर पाठवतात. दिवस मोजायला सुरुवात निकाल सुनावला त्या दिवसापासून करावी. घाटकोपरच्या बहिणीने कॅलेंडरवर खूण करायची ती त्याच तारखेवर.